साहेबांविरुद्ध साक्षीला बोलावलंय. अकरा वर्षं त्यांचं डिक्टेशन घेतलं, आता माझ्या बोलण्याला किंमत राहील का?

लकडीपूल (बडोदा)

नमस्कार. बरेच महिने इथे नुसता वाचतो, लिहितोय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सरकारी कचेरीत स्टेनो होतो. रावपुऱ्यात एका जिन्याखालच्या क्लासात आधी इंग्रजी शॉर्टहँड शिकलो, मग नोकरीसाठी गुजराती. २०२१ मध्ये निवृत्त झालो. चौतीस वर्षांच्या नोकरीतली अकरा वर्षं एकाच साहेबांकडे गेली. त्यांची बदली झाली की महिन्याभरात माझीही ऑर्डर निघायची. पुढे साहेब नोकरी सोडून राजकारणात गेले आणि आज त्यांचं नाव मोठं आहे. कोण ते लिहीत नाही, कृपा करून विचारू नका.

गेल्या महिन्यात चौकशीचं पत्र आलं. प्रकरण २०११ मधल्या जमिनीच्या एका फाइलीचं आहे. त्या फाइलीत ऑगस्टची तारीख असलेलं एक पत्र आहे. ते ऑगस्टमध्ये लिहिलेलं नाही. दिवाळी झाली, लाभपाचम उलटली, कचेरी पुन्हा उघडली त्या आठवड्यात एका संध्याकाळी शिपाई चहाचे कप उचलून गेल्यावर साहेबांनी मला ते सांगितलं. मी उतरवून घेतलं, मी टाइप केलं. वर कोणती तारीख घालायची तेही त्यांनीच सांगितलं. जावक रजिस्टरात ऑगस्टच्या पानावर मोकळी जागा नव्हती, मग ४१८ च्या खाली ४१८/अ झालं. पत्र त्या तारखेचं ठरल्यामुळे एका माणसाची जमीन गेली आणि दुसऱ्याला मिळाली. हे मला त्याच दिवशी कळत होतं.

आता अडचण सांगतो. २००८ मध्ये माझी आई अत्यवस्थ होती, कुठे खाट मिळेना. रात्री दोन वाजता साहेबांनी स्वतः फोन केले, पहाटे आई दाखल झाली आणि पुढे सहा वर्षं जगली. माझ्या मुलीच्या लग्नात ते पंगतीत बसून जेवले, आहेराचं पाकीट देऊन निघून गेले नाहीत. आणि याच साहेबांच्या शब्दावरून नोकरीची शेवटची तीन वर्षं मी रेकॉर्ड रूममध्ये काढली, कारण एका बैठकीत बाहेरच्या माणसांसमोर "हा कागद फाइलीत नव्हता" असं मी बोलून गेलो होतो. त्यामुळे मी काहीही सांगितलं तरी लोक म्हणणार, हा डूख धरून बोलतोय. उपकार आठवून गप्प बसलो तर चोराला साथ दिली म्हणतील.

मुलगी पुण्यात असते. तिचं म्हणणं, "बाबा, चौदा वर्षं गप्प राहिलात, आता कोण ऐकणार?" जावई अमेरिकेच्या बातम्या पाहतो. तो म्हणाला, ट्रम्प यांचे माजी चीफ ऑफ स्टाफ जॉन केली २०२४ च्या निवडणुकीआधी उघड म्हणाले की हा माणूस फॅसिस्टच्या व्याख्येत बसतो. जवळजवळ दीड वर्ष त्या खोलीत वावरलेला माणूस बोलला, तरी लोकांनी ऐकून सोडून दिलं. मग बडोद्याच्या स्टेनोचं कोण ऐकणार?

माझा प्रश्न कायद्याचा नाही, वकील बघतोय. मला हे विचारायचं आहे की ज्याने आतून साथ दिली, त्यानेच पुढे तोंड उघडलं, अशा माणसाच्या बोलण्याला कधी खरी किंमत मिळाली आहे का? मिळाली असेल तर कशामुळे?

वाडीचे अण्णा (बडोदा)

मी जुन्या वळणाचा माणूस आहे, मनात आहे ते लिहितो. ज्याने तुमच्या आईसाठी रात्री दोनला फोन फिरवले, त्याच्याविरुद्ध उभं राहू नका. खाल्ल्या मिठाला जागावं. पत्राच्या उत्तरात "आठवत नाही" असं लिहिता येतं, चौदा वर्षांनी ते खोटंही वाटणार नाही.

बाबाजीपुरा (बडोदा)

अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण "आठवत नाही" हा सल्ला देऊ नका. ज्याची जमीन गेली तोही कुणाचा तरी मुलगा असेल.

लकडीपूल, मी अठ्ठावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तुम्ही विचारलंत ते आपल्याच गावात दीडशे वर्षांपूर्वी घडून गेलं आहे, आणि मुलांना शिकवताना मी दर वर्षी त्या जागी अडायचे.

१८७० मध्ये खंडेराव महाराज गेले आणि मल्हारराव गादीवर आले. कारभार वाईट होता, १८७३ मध्ये त्याची चौकशीही झाली. दरबारात इंग्रज सरकारचे प्रतिनिधी असलेले रेसिडेंट कर्नल फेअर यांच्याशी महाराजांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी फेअरसाहेब फिरून आले, पपनसाच्या रसाचा पेला उचलला, थोडा घेतला आणि चव विचित्र लागली म्हणून उरलेला टाकून दिला. तळाशी राहिलेल्या गाळात सोमल (आर्सेनिक, म्हणजे विष) आणि हिऱ्याची पूड निघाली. संशय महाराजांवर आला.

खटल्यात महाराजांच्या विरुद्ध सगळ्यात जड साक्ष कुणाची होती? दामोदरपंतांची, म्हणजे खुद्द महाराजांच्या खासगी चिटणीसाची. महाराजांचे खासगी व्यवहार ज्यांच्या हातून जायचे तेच हे गृहस्थ. सोमल आणि हिऱ्याची पूड महाराजांच्या हुकमावरून आपण मिळवली, असं त्यांनी सांगितलं. लकडीपूल, तुमच्या खुर्चीच्या इतक्या जवळची खुर्ची इतिहासात मला दुसरी माहीत नाही.

ही साक्ष कशी आली ते बघा. दामोदरपंत कैदेत होते आणि कबुलीजबाब माफीच्या वचनावर दिलेला होता. महाराजांनी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हा नावाजलेला वकील आणला होता. त्याने याच गोष्टीवर बोट ठेवलं: हा माणूस स्वतःची मान सोडवायला मालकाची मान पुढे करतोय. खटल्यासाठी नेमलेल्या आयोगावर सहा जण होते. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड आणि मेलव्हिल हे तीन इंग्रज. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह आणि सर दिनकरराव हे तीन आपले. तिघा इंग्रजांनी महाराजांना दोषी धरलं, आपल्या तिघांनी धरलं नाही.

एप्रिल १८७५ मध्ये सरकारने मल्हाररावांना गादीवरून काढलं, पण कारण दिलं गैरकारभाराचं. विषाचा आरोप त्या हुकमाचा पाया झाला नाही. इतकी आतली साक्ष असून ती निकालाच्या कामी आली नाही! महाराज मद्रासला गेले आणि १८८२ मध्ये तिथेच वारले. इकडे १८७५ च्या मे महिन्यात कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक आला आणि आपल्याला सयाजीराव मिळाले.

दामोदरपंतांच्या साक्षीत उणीव होती ती रागाची किंवा लोभाची नव्हे. मालकाशी झालेलं बोलणं एकट्या दामोदरपंतांच्या तोंडून आलं होतं, आणि ते तोंड उघडलं तेव्हा किल्ली सरकारच्या हातात होती. तुमच्या बाबतीत तसं नाही. तुम्हाला कुणी कोंडलेलं नाही, कुणी माफी देऊ केलेली नाही. हा फरक लहान समजू नका.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

बाबाजीपुरा ताई, आमच्याकडची बाजू जोडतो. तुम्ही ज्या तिघांची नावं घेतलीत त्यातले दोघे आमचे, आणि त्यांचं एकमेकांशी काय नातं होतं ते या धाग्यात यायलाच हवं.

दिनकरराव राजवाडे १८५२ पासून जयाजीरावांचे दिवाण. वसुलाची घडी त्यांनी बसवली, सत्तावन्नमध्ये महाराजांना इंग्रजांच्या बाजूला धरून ठेवण्यात त्यांचाच हात मोठा. त्याबद्दल ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात आजही दोन तट पडतात, त्यात मी शिरत नाही. १८५९ मध्ये त्यांनी दिवाणगिरी सोडली, धन्याशी जमेना म्हणून. सोळा वर्षांनी बडोद्यात हा माजी दिवाण आणि त्याचा माजी धनी एकाच आयोगावर बसले, आणि दोघांचं मत एकच पडलं: आरोप सिद्ध होत नाही.

हे का सांगतोय? मालकाशी बिनसलं म्हणून माणसाची पारख बिघडतेच असं नाही. जयाजीराव जे म्हणतील त्याच्या उलट म्हणायचं, इतका डूख दिनकररावांनी धरला असता तर मत वेगळं पडलं असतं. तुम्हाला रेकॉर्ड रूममध्ये टाकलं हे चौकशीत तुम्हीच पहिल्यांदा सांगा. दुसऱ्याने काढलं तर तो डाग होतो.

रामबाग (इंदूर)

मी थोडं कडू लिहिणार आहे. माझे वडील शिक्षक होते. जुलै १९७५ मध्ये, आणीबाणीत, त्यांना मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, उचललं. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आई शिवणकाम करायची आणि आम्हा तिघा भावंडांना सांगायची की बाबा ट्रेनिंगला गेलेत. गल्लीत सगळ्यांना खरं माहीत होतं, शाळेत मुलं मला विचारायची.

त्याच जुलैमध्ये लोकसभेत आणीबाणीला मंजुरी देण्याचा ठराव कुणी मांडला? जगजीवनराम यांनी. इंदिराबाईंच्या मंत्रिमंडळातले सगळ्यात ज्येष्ठ मंत्री. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि २ फेब्रुवारीला तेच बाबूजी राजीनामा देऊन बाहेर पडले. सोबत बहुगुणा, नंदिनी सत्पथी. नवा पक्ष काढला. देशभर एकच लाट उसळली की आतला माणूस फुटला, आता या हरणार. मार्चमध्ये हरल्याही.

वडील तोवर सुटून घरी आले होते. घरात पेढे आले होते. त्यांनी पेपर वाचला, घडी घालून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "ठराव मांडायला उभे राहिले तेव्हा यांच्या मनात काय होतं, एवढं मला कुणी सांगावं." मत त्यांनी जनता पक्षालाच दिलं. पण बाबूजींचं नाव निघालं की हाच प्रश्न विचारायचे, शेवटच्या आजारपणातसुद्धा. १९ महिन्यांचा हिशेब त्यांना कुणी दिला नाही.

लकडीपूल, तुमच्या बोलण्याला किंमत मिळेल असं मला वाटतं. पण ज्याची जमीन गेली तो समोर बसलेला असेल, आणि त्याला माझ्या वडिलांचाच प्रश्न पडलेला असेल. चौदा वर्षं का गप्प होतात? आईच्या उपकाराची गोष्ट ऐकून त्याचं समाधान होणार नाही. भीती होती तर भीती होती म्हणा, पेन्शन अडकेल असं वाटलं तर तसं म्हणा. खरं असेल ते म्हणा.

अलकापुरी (बडोदा)

मी कोर्टात वकिली करते, तुमचं प्रकरण माझ्याकडे नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

जावयांना म्हणावं, केलींवर थांबू नका, थोडे मागे जा. जॉन डीन हा अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा व्हाइट हाउसमधला वकील. वॉटरगेट, म्हणजे विरोधी पक्षाच्या कचेरीतल्या घुसखोरीचं प्रकरण, दडपण्याच्या कामात तो स्वतः आकंठ होता. ३० एप्रिल १९७३ ला त्याला काढलं आणि २५ जूनला तो सिनेटच्या समितीपुढे बसला. २४५ पानांचं निवेदन त्याने दिवसभर वाचून दाखवलं. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला देशाचा राष्ट्राध्यक्ष. नोकरीवरून काढलेला, स्वतः गुन्ह्यात अडकलेला, शिक्षेत सूट मिळवू पाहणारा माणूस! दामोदरपंतांबद्दल जे जे म्हणता येईल ते सगळं त्याच्याबद्दल म्हणता येत होतं, आणि म्हटलंही गेलं.

मग १६ जुलैला निक्सन यांचा माजी सहायक अलेक्झांडर बटरफील्ड याने समितीला सांगितलं की राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात बोलणं टेप होतं. तिथून सगळं फिरलं. त्या टेप्ससाठी वर्षभर झगडा झाला, २४ जुलै १९७४ ला सुप्रीम कोर्टाने ८-० ने त्या द्यायला लावल्या आणि ऑगस्टमध्ये निक्सन गेले. डीननेही चार महिने कैदेत काढले.

यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. उलरिक नाइसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये डीनची साक्ष आणि टेपवरचं बोलणं शेजारी ठेवून ताडून पाहिलं. वृत्तपत्रांनी ज्याला "मानवी टेपरेकॉर्डर" म्हटलं होतं त्याला नेमके शब्द आठवत नव्हते. कोण काय बोललं, कोणत्या बैठकीत, यात तो चुकला होता. स्वतःचं महत्त्वही थोडं वाढवून सांगितलं होतं. पण आत काय शिजत होतं, हे त्याने सांगितलेलं मुळात खरं निघालं. म्हणून सांगते, साहेबांची वाक्यं अवतरणात सांगू नका. चौदा वर्षांनी कुणालाच तशी आठवत नाहीत, आणि एक वाक्य चुकलं की समोरचा वकील तेवढंच धरून बसेल.

आपला कायदाही हेच बघतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १३३ सांगायचं की गुन्ह्यातल्या साथीदाराची साक्ष चालते. कलम ११४ चं एक उदाहरण सांगायचं की महत्त्वाच्या मुद्द्यांवर दुसरा आधार नसेल तर कोर्ट तिला अविश्वसनीय धरू शकतं. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, सूत्र तेच राहिलं. तेव्हा पहिला प्रश्न: त्या दिवसाचं, त्या वेळी लिहिलेलं तुमच्याकडे काही आहे का? स्वतःच्या हाताने त्या वेळी केलेली नोंद बघून साक्षीदाराला आठवण ताजी करता येते.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, राग मानू नका. तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. "मी उतरवून घेतलं", "मी टाइप केलं" असं तुम्ही स्वच्छ लिहिलंत. आणि त्याच्या पुढे "४१८/अ झालं". कोणी केलं? रजिस्टर आपोआप लिहिलं जात नाही. उलटतपासणीत मी असते तर तिथूनच सुरू केलं असतं. आपल्या वकिलाला भेटाल तेव्हा हे त्याला आधी सांगा, तुमच्यावर काय येऊ शकतं हे कळल्याशिवाय चौकशीला जाऊ नका.

वाडीचे अण्णा (बडोदा)

ताईंचं शेवटचं वाचून मला माझा सल्ला परत घ्यावासा वाटतो. "आठवत नाही" असं सांगितलं असतं आणि उद्या रजिस्टरातलं अक्षर निघालं असतं तर? लकडीपूल, मी चुकीचं बोललो.

लकडीपूल (बडोदा)

चार दिवस उत्तर दिलं नाही, क्षमा करा.

अलकापुरी ताई, तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि मोबाइल उलटा ठेवून सूरसागरला दोन फेऱ्या मारून आलो. मग माळ्यावर चढलो. शॉर्टहँडच्या वह्या मी माझ्या पैशांनी घ्यायचो, कारण कचेरीच्या कागदावर बारीक-जाड रेघ नीट उठत नसे. भरलेल्या वह्या फेकवल्या नाहीत. बायको दर दिवाळीला रद्दीत काढायची, मी परत वर ठेवायचो. चौऱ्याऐंशी वह्या निघाल्या. पहिल्या पानावर सुरुवातीची तारीख आणि रोज नवीन पान सुरू करताना वर त्या दिवसाची, ही सवय क्लासातल्या मास्तरांनी लावली होती.

ते पत्र सापडलं. पानावर गुरुवार, ३ नोव्हेंबर २०११. स्वरचिन्हं टाकायचो नाही, त्यामुळे दोन शब्द लागले नाहीत, बाकी सगळं लागलं. मजकुराच्या वर साहेबांनी सांगितलेली ऑगस्टची तारीखही उतरवलेली आहे. म्हणजे एकाच पानावर दोन्ही तारखा आहेत.

आणि समासात माझी एक ओळ आहे. शॉर्टहँडमध्ये नाही, साध्या अक्षरात: "जागा नाही. ४१८ खाली अ करू?" त्याखाली बरोबरची खूण. ती खूणही माझीच, साहेबांनी मान हलवली म्हणून केलेली.

साहेबांनी तारीख सांगितली होती. रजिस्टरात कशी बसवायची ते त्यांनी सांगितलं नव्हतं, ते मी सुचवलं. रजिस्टरातलं अक्षरही माझंच आहे. साहेब त्या दिवशी म्हणाले होते की तू आहेस म्हणून माझं काम होतं, आणि मला बरं वाटलं होतं. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. परवा रात्री सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग तिने विचारलं, ती जमीन कुणाची होती. नाव मला पाठ आहे, तिला सांगितलं.

काल वकिलाकडे वही घेऊन गेलो. तो म्हणाला, हे पान तुमच्याही विरुद्ध जातं, समासाची ओळ आहे तशी द्यायची का याचा विचार करा. मी सांगितलं की पान कापायचं नाही. निवेदन लिहायला घेतलंय. पहिला परिच्छेद ४१८/अ चा आणि माझा. दुसरा रेकॉर्ड रूमचा, लष्करवाले म्हणाले तसा. चौदा वर्षं का गप्प होतो तो तिसरा. तो तीन वेळा लिहून खोडला. पेन्शनची भीती होती हे खरं, पण २०२१ पासून पेन्शन सुरू झालं तरी बोललो नाही, तेही लिहावं लागेल. साहेबांचं नाव चौथ्या परिच्छेदात येतं, आणि आईच्या खाटेची गोष्टही त्यातच. ती मला गाळायची नाही.

रामबाग, तुमच्या वडिलांचा प्रश्न मी वहीच्या पुठ्ठ्यावर उतरवून ठेवला आहे. तारीख पुढच्या मंगळवारची आहे, अकरा वाजता. मुलगी पुण्याहून येते म्हणाली.